लायडनमध्ये आईबरोबर पाच दिवस

2013 ते 2015 अशी दोन वर्षं मी नेदरलँड्समधल्या लायडनला राहत होते. एक वर्ष कायद्याचं शिक्षण, दुसरं वर्ष हेगमध्ये नोकरी आणि रोजची ट्रेन. त्या काळात आईचं यायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहून गेलं. शेवटी 2022 मध्ये तिला घेऊन गेले. तारखा मुद्दाम निवडल्या, कारण लायडन पाहायचं तर 3 ऑक्टोबर त्यात असायलाच हवा.

पहिला दिवस, शुक्रवार 30 सप्टेंबर

स्किपोल विमानतळाच्या खालूनच ट्रेन सुटते आणि वीसेक मिनिटांत लायडन येतं. स्टेशनातून गावाकडे चालू लागलं की डाव्या हाताला 'द फाल्क' ही पवनचक्की दिसते. 1743 सालची, विटांची, सात मजल्यांची. वर दळण चालायचं आणि खालच्या मजल्यांवर दळणाऱ्याचा संसार. आई मान वर करून पंखे बघत म्हणाली, "म्हणजे ही पिठाची गिरणीच की गो." पुढचे पाच दिवस आमच्या सगळ्या वाटा 'गिरणीच्या अलीकडे' आणि 'गिरणीच्या पलीकडे' अशाच होत्या.

उतरलो ते माझ्या जुन्या घरमालकीणबाईंकडेच. मी त्यांना पहिल्या आठवड्यापासून 'ओमा' म्हणते. डचमध्ये ओमा म्हणजे आजी. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांच्या घराचा जिना इतका उभा, की पायरीवर अर्धं पाऊलच मावतं आणि कठड्याऐवजी हाताशी एक जाड दोर. आई आमच्या माळ्यावर चढते तशी तिरकी चढली. ओमा खालून बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "तुला पहिल्या दिवशी हे जमलं नव्हतं."

संध्याकाळ व्हायच्या आत मला आईला एकच जागा दाखवायची होती. रापेनबर्ग या कालव्याच्या काठी विद्यापीठाची अकादमी इमारत आहे. मुळात ती जोगिणींच्या मठातली प्रार्थनागृहाची वास्तू. 1581 पासून विद्यापीठाकडे. तिथे वर एक लहानशी खोली आहे, तिचं नावच 'घामाची खोली'. परीक्षेचा निकाल ऐकण्याआधी विद्यार्थी इथे घाम पुसत बसायचे. उत्तीर्ण झालं की भिंतीवर सही करायची, ही चाल. भिंती छतापर्यंत नावांनी भरल्या आहेत. नेल्सन मंडेलांना 1999 मध्ये इथे मानद डॉक्टरेट मिळाली, त्यांचीही सही आहे. दारावरच्या गृहस्थांना मी माझं प्रयोजन सांगितलं आणि ते स्वतः किल्ली घेऊन वर आले.

माझी सही खिडकीच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर आहे. देवनागरीत. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या अक्षरांत, कारण जागा तेवढीच उरली होती. आईने चष्मा लावला. बोट भिंतीपासून जरा लांब धरून, एकेक अक्षर लावत ती वाचू लागली आणि मध्येच थांबली. माझ्या नावापुढे जिथे बाबांचं नाव यायचं, तिथे मी तिचं लिहिलं होतं. हे मी तिला आठ वर्षांत सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. बाहेर आल्यावर कालव्याकाठच्या बाकावर बसली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मीही शेजारी बसून राहिले.

दुसरा दिवस, शनिवार 1 ऑक्टोबर

शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस. ऱ्हाईन नदी लायडनमध्ये जुनी ऱ्हाईन आणि नवी ऱ्हाईन अशा दोन फाट्यांनी येते आणि दोघी गावाच्या मधोमध भेटतात. बाजार भरतो तो नव्या ऱ्हाईनच्या दोन्ही काठांवर. फुलं, भाज्या, मासळी, कापड, सगळं पाण्याला लागून. मध्ये एक छप्पर असलेला पूल आहे, 'कोर्नब्रुग', म्हणजे धान्याचा पूल. धान्याचा व्यापार पुलावर चालायचा, पोती भिजू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यावर छप्पर चढवलं. विद्यार्थी असताना पाऊस आला की मी याच छपराखाली उभी राहायचे.

चीजच्या गाडीपाशी आई थबकली. लायडनचं स्वतःचं चीज आहे आणि त्यात जिरं असतं. भलंमोठं चाक, सालीवर एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन किल्ल्यांचा ठसा. या किल्ल्या संत पीटरच्या, स्वर्गाच्या दाराच्या. लायडनच्या मानचिन्हावरही त्याच, म्हणून लायडनला किल्ल्यांचं गाव म्हणतात. बाईंनी तारेने पातळ काप काढून दिला. आईने तो आधी हुंगला, मग अगदी पुढच्या दातांनी जिरं वेगळं काढून चावलं. "भाजलेलं नाही, कच्चंच घातलंय," असा निकाल दिला, आणि अर्धा किलो घ्यायला लावलं. तिच्या स्वयंपाकघरातली वस्तू इथे एका जुन्या गावाची ओळख होऊन बसलेली पाहून ती मनापासून खूश झाली होती.

दोन्ही ऱ्हाईनींच्या बेचक्यात 'बुर्ख्त' आहे. मातीचा भराव घालून केलेली टेकडी आणि तिच्या डोक्यावर बांगडीसारखा गोल दगडी कोट. कोट जवळजवळ नऊशे वर्षांचा. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला लहान वाटेल, पण समुद्रसपाटीच्या या देशात वर चढायला मिळणं हेच अप्रूप. तिकीट नाही. तटावरून सगळं लाल कौलांचं गाव दिसतं. माझा अभ्यास अडला की मी इथे यायचे आणि एक फेरी मारून परत जायचे. आईलाही फेरी मारायला लावली.

दुपारी लाकेनहालला गेलो. लोकरीच्या कापडावर लायडन श्रीमंत झालं, आणि विणकर बरेचसे फ्लँडर्समधून जीव वाचवून आलेले. 1640 च्या सुमाराच्या या इमारतीत कापडाची तपासणी व्हायची. आता संग्रहालय आहे. चित्रं खूप आहेत, पण मला आईला दाखवायचं होतं ते एक काळं भांडं. त्याची गोष्ट परवाच्या दिवसात येईल. संध्याकाळी वेडेस्टेख या गल्लीवरून आलो. 1606 मध्ये चित्रकार रेम्ब्रांट इथे जन्मला. घर राहिलेलं नाही, पाटी आहे.

तिसरा दिवस, रविवार 2 ऑक्टोबर

लायडनमधली माझी सगळ्यात आवडती जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी अकादमी इमारतीमागची बाग सांगते. 'होर्टुस बोटानिकुस'. 1590 मध्ये स्थापन झालेली, जगातल्या जुन्या वनस्पती उद्यानांपैकी एक. आईला झाडांचं वेड आहे. तिचं माहेर पणजीचं, सासर सावंतवाडीचं. दोन्हीकडची झाडं तिला माणसांसारखी ओळखीची. या बागेबद्दल तिला सांगायची गोष्ट मी दोन वर्षं मनात घोळवली होती, फोनवर मात्र कधी सांगितली नव्हती.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून भाडेपट्ट्याने घेतलेला हाच तो गृहस्थ. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपात एक ग्रंथ लिहिला आणि तो 1563 मध्ये गोव्यातच छापला. आंबा, फणस, विड्याचं पान, हिंग, मिरी, सगळ्यांवर प्रकरणं. जन्माने तो ज्यू घराण्यातला. मेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, ख्रिस्ती धर्मसभेच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, हुकुमाने त्याची हाडं उकरून जाळली गेली.

पण त्याआधीच त्या पुस्तकाची एक प्रत युरोपात पोचली होती. आरास गावचा वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याने तिचं लॅटिनमध्ये संक्षिप्त रूपांतर केलं, ते 1567 मध्ये अँटवर्पला छापलं गेलं, आणि गोव्यातल्या वैद्यांचं ज्ञान सगळ्या युरोपला वाचता आलं. हाच क्लुसियस 1593 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पायाने अधू झालेला असताना लायडनला आला आणि त्याने ही बाग लावली.

आईला हे मी त्याच्या बागेतच सांगितलं. 1594 च्या यादीवरून ती बाग पुन्हा तशीच उभी केली आहे: लांबट अरुंद वाफे, मध्ये चालायला वाटा, एकेका वाफ्यात एकेक जातीची मोजकी रोपं. ऑक्टोबर असल्यामुळे अर्धे वाफे वाळले होते. आई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून ऐकत होती.

"ओर्ता म्हणजे पणजीच्या बागेतला?" तिने विचारलं.

तोच. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. आई लहानपणी शाळा सुटल्यावर त्या बागेत बसायची, तिथेच तिचे वडील तिला न्यायला यायचे. नाव तिला पाठ होतं, माणूस कोण ते कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"निगडीवर लिहिलंय त्यानं?"

लिहिलं आहे. 'नेगुंदो' या नावाने वेगळं प्रकरणच आहे, आणि आजही शास्त्रीय नावात तो शब्द टिकून आहे. आमच्याकडे अंग आंबलं की निगडीचा पाला घालून पाणी तापवतात. बाळंतिणीलाही तेच पाणी. ओर्ताला हे कुणीतरी सांगितलं असणार, कुणा वैद्याने किंवा घरी काम करणाऱ्या बाईने. आई त्या बाईचाच विचार करत असावी, कारण उठताना म्हणाली, "तिचं नाव काय लागायचं नाही आता."

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट. पुढे शंभरेक वर्षांनी डचांच्या मलबारातल्या सुभेदाराने, वान रेडेने, 'होर्टुस मलबारिकुस' हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रशस्तिपत्र आहे, नागरी लिपीत, कोकणी भाषेत. त्यांची नावं तरी टिकली. आईने ती नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

काचघरात ती माझ्या पुढे गेली. बाहेर बारा अंश, आत आपल्याकडच्या जूनसारखा दमट उबारा. तिने स्वेटर काढून माझ्या हातात दिला. घटपर्णींचे पेले टांगलेले, झाडांच्या खोडांवर आमऱ्या, आणि हौदात दोन माणसांनी परात म्हणून धरावी एवढी कमळाची पानं. मिरीच्या कुळातला एक वेल पाहून तिने पान उलटं केलं, शिरा पाहिल्या आणि पुन्हा सरळ करून ठेवलं. त्या काचघरात आम्ही दोन तास होतो. मी दोन वर्षांत तिथे जेवढं पाहिलं नव्हतं तेवढं तिने मला त्या दोन तासांत दाखवलं.

हॉलंडमध्ये ट्युलिप रुजवण्याचं श्रेयही क्लुसियसकडेच जातं. त्याच्याकडचा ट्युलिप 1594 मध्ये याच बागेत फुलला. त्याचे कंद तो विकत नसे, म्हणून ते चोरीला गेले असं सांगतात.

हे मी रात्री जेवताना ओमांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही ते खाल्ले आहेत."

2 ऑक्टोबरच्या रात्री लायडनमध्ये घरोघरी 'हुत्स्पॉत' होतं. बटाटा, गाजर आणि कांदा एकत्र उकडून कुस्करायचा, बरोबर गोमांस. आईसाठी ओमांनी मांस वेगळं ठेवलं होतं आणि भाजीत लोणी जास्त घातलं होतं. जेवताना त्या 1944-45 च्या हिवाळ्याबद्दल बोलल्या. जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली आणि हजारो माणसं भुकेने मेली. ओमा तेव्हा चार वर्षांच्या. त्यांची आई ट्युलिपचे कंद मधला पिवळा कोंब काढून उकडायची, कारण तो विषारी असतो. "गोडसर लागायचे. घसा खवखवायचा," त्या म्हणाल्या. मी भाषांतर करत होते. आईने भाषांतर पुरं व्हायच्या आत त्यांच्या हातावर हात ठेवला. मी दोन वर्षं त्या घरात राहिले, पण ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. कदाचित ती सांगायला समोर आईच्या वयाचं माणूस लागतं.

चौथा दिवस, सोमवार 3 ऑक्टोबर

1574. स्पॅनिश सैन्याने लायडनला महिनोन्महिने वेढा घातलेला. आत दुष्काळ आणि रोगराई. गावातली हजारो माणसं गेली. नगराध्यक्ष वान दर वेर्फ यांनी उपाशी जमावापुढे हात केला आणि म्हटलं, हवं तर हा तोडून खा, पण गाव मी शत्रूला देणार नाही, अशी आख्यायिका आहे. स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा पुढारी होता ऑरेंजचा विल्यम. त्याच्याकडे सैन्य तोकडं होतं, तेव्हा त्याने बांध फोडायला लावले. आपल्याच शेतांत समुद्र सोडला. पाणी पुरेसं चढेना. शेवटी वारा फिरला, वादळ आलं, पाणी वाढलं आणि दर्यावर्दी बंडखोर सपाट बुडाच्या होड्या घेऊन शेतांवरून गावापर्यंत आले. स्पॅनिश रातोरात पळाले. होड्यांत होती हेरिंग मासळी आणि पांढरा पाव. एका पोरक्या मुलाला शत्रूच्या मोकळ्या छावणीत शिजलेल्या भाजीचा हंडा सापडला, असं सांगतात. तोच लाकेनहालमधला. हुत्स्पॉत त्याचीच आठवण, फक्त तेव्हा बटाटा इथे आलेला नव्हता.

तो दिवस 3 ऑक्टोबरचा. गाव तो आजही तसाच पाळतं. सकाळी सातला नगरभवनासमोर बिगूल वाजतात आणि अंधारातच गाणी सुरू होतात. आम्ही तिघी गेलो. त्यानंतर जुन्या वजनकाट्याच्या इमारतीत, 'द वाख' मध्ये, हेरिंग आणि पाव वाटतात. तो मिळतो लायडनच्या रहिवाशांना. मी राहत होते तेव्हा दोन्ही वर्षं रांगेत उभी राहून घेतला होता. आता मी पाहुणी. ओमा रांगेत उभ्या राहिल्या आणि आम्ही पलीकडे, पुलावर. रांगेत कडेवर पोरं घेतलेले बाप होते, सुटातली माणसं होती, चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या होत्या. कुणी ढकलत नव्हतं.

ओमा आल्या, पाव छातीशी धरून. पुलाच्या कठड्यावरच कागद उघडला आणि मासळीचा पहिला तुकडा आईपुढे धरला.

आई सारस्वत घरातली, मासळीची परीक्षा तिच्या रक्तात. तिने तुकडा उजेडाकडे धरला. कातडी चंदेरी, मांस गुलाबीसर तपकिरी. हेरिंग शिजवलेलं नसतं. कल्ले आणि आतड्याचा काही भाग काढतात, स्वादुपिंड मात्र आत ठेवतात, आणि मिठात मुरवतात. त्या स्वादुपिंडातल्या रसांनीच मांस मऊ होतं. हे मी सांगेपर्यंत तिने तोंडात टाकलं होतं. डोळे मिटले. "खाऱ्या बांगड्याची धाकटी बहीण," ती म्हणाली, "पण मीठ बेताचं." मग ओमांनी पाव मोडला. आईने दोन्ही हात पुढे केले, जसे ती देवळात करते, आणि तो घेतला.

तिथून वान दर वेर्फ बागेत गेलो. ही बाग आहे तिथे पूर्वी दाट वस्ती होती. 12 जानेवारी 1807 ला इथल्या कालव्यात नांगरलेल्या बंदुकीच्या दारूच्या जहाजाचा स्फोट झाला. दीडशेच्या आसपास माणसं गेली, दोनशेहून अधिक घरं जमीनदोस्त झाली. लोक त्या जागेला कित्येक वर्षं नुसतं 'पडझड' म्हणत. पुढे पडझडीच्या एका भागावर विद्यापीठाची प्रयोगशाळा झाली आणि तिथे 10 जुलै 1908 ला भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी हेलियम वायू पहिल्यांदा द्रवरूपात आणला, शून्याखाली 269 अंशांवर. तीन वर्षांनी त्यांनाच तिथे अतिसंवाहकता, म्हणजे अतिथंडीत विजेला अडथळाच न उरणं, सापडली. आता त्या इमारतीत कायद्याची विद्याशाखा आहे. माझा वर्ग तिथेच भरायचा. मी आईला खिडकी दाखवली, दुसरा मजला, उजवीकडून तिसरी.

वेढ्यानंतर विल्यमने गावाला विचारलं, की करमाफी हवी की विद्यापीठ, आणि गावाने विद्यापीठ मागितलं, अशी गोष्ट सांगतात. इतिहासाचे अभ्यासक हिला दंतकथाच समजतात. पण वेढा उठल्यावर चारच महिन्यांत, 8 फेब्रुवारी 1575 ला, विद्यापीठ सुरू झालं हे खरं. तिसरा हिस्सा माणसं गमावलेलं गाव ते. माझ्या वर्गाच्या खिडकीतून मी रोज त्या बागेकडे बघायचे आणि मला ती दंतकथा खरी वाटायची. अजूनही वाटते.

दुपारची मिरवणूक पाहिली, जत्रेतले पाळणे पाहिले. रात्रीची आतषबाजी ओमांच्या माळ्याच्या खिडकीतून.

पाचवा दिवस, मंगळवार 4 ऑक्टोबर

विमान रात्रीचं होतं. सकाळी बसने काटवाइकला गेलो. ऱ्हाईनचं बहुतेक पाणी रॉटरडॅमकडे जातं. लायडनमधून येणारी जुनी ऱ्हाईन, उरलीसुरली, काटवाइकला झडपांमधून समुद्रात सोडतात. आठवड्याचा शीण घालवायला मी सायकलने इथे यायचे. वारा समोरून असायचा आणि परतताना पाठीशी.

आईने चपला हातात घेतल्या. पाणी करडं आणि बोचरं थंड. घोट्यापर्यंत जाऊन ती परत आली. "रंग निराळा, वास तोच," म्हणाली.

वाळूवर बसून पिशवी उघडली. जिऱ्याचं चीज होतं आणि ओमांनी बांधून दिलेला कालचा अर्धा पाव. आम्ही दोघींनी थोडा थोडा खाल्ला. उरलेला तुकडा आईने रुमालात घेतला, दोन गाठी मारल्या आणि पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवला.

"ह्यांच्यासाठी," ती म्हणाली. "प्रसाद आहे."